सातशे मीटरवरचा खड्डा

तिरिल झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. ती नऊ महिन्यांची झाली, तरी अजून धरते. बोर्गहिल्ड म्हणते, "पोरीला वाटत असेल, आपल्याला मिशी फुटलीय."

बोर्गहिल्ड माझी सासू. शेजारच्याच घरात राहते. तिने तिची पोरं उणे दहा अंशांत, अंगणात, बाबागाडीत झोपवून वाढवली, आणि आमच्याकडे सगळेच तसं करतात. मीही तिरिलला बाहेरच झोपवते. बाहेरच्या गार हवेत ती दोन दोन तास झोपते, घरात अर्ध्या तासात डोळे उघडते. फरक एवढाच की बाकीच्या आया बाळाला बाहेर ठेवून आत कॉफी पीत बसतात आणि मी खिडकीशी उभी राहते.

जानेवारीत मी कामावर परत गेले, तेव्हा पहिल्या दिवशी तिरिलला बोर्गहिल्डकडे ठेवलं होतं. परत आले तर बाबागाडी घराच्या मागच्या बाजूला, आणि बोर्गहिल्ड पुढच्या खोलीत रेडिओ ऐकतेय. घोंगडी तिरिलच्या ओठांपर्यंत वर आलेली. झालं काहीच नव्हतं. पोरगी गुलाबी गालांनी मस्त झोपली होती. पण मी त्यानंतर तिला तिथे ठेवलं नाही. तसं तोंडाने म्हटलंही नाही. दर वेळी काहीतरी कारण सांगत गेले.

माझं काम बर्फ बघायचं. हिवाळाभर आठवड्यातून दोनदा गाइटनेब्बा डोंगराच्या उत्तर-पूर्व अंगाला, सातशे मीटर उंचीवर जायचं, बर्फात छातीएवढा खड्डा खणायचा आणि त्याच्या भिंतीत थर बघायचे. कुठला थर घट्ट आहे, कुठला भुसभुशीत, कशावर काय बसलंय. मग बर्फाचा एक खांब चारही बाजूंनी मोकळा कापायचा, त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि हाताने ठोकायचं. दहा वेळा मनगटातून, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून. खांब कितव्या ठोक्याला आणि कुठे तुटतो ते लिहायचं. चार वाजायच्या आत फोनवरून ऑफिसला फॉर्म पाठवायचा. आमच्यासारख्या निरीक्षकांच्या अशा फॉर्मांवरून दुसऱ्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा ठरतो: पातळी एक ते पाच, आकडा वाढेल तसा धोका वाढतो. स्की घेऊन डोंगरात जाणारी माणसं सकाळी कॉफीबरोबर तो वाचतात आणि कुठल्या उताराने उतरायचं ते ठरवतात.

रस्त्यापासून सातशे मीटरपर्यंत सव्वा तास चढ, तासभर खणणं, अर्धा तास उतार. तिरिल दोन तासांवर झोपत नाही. आइविन, माझा नवरा, सॅमन माशांच्या पिंजऱ्यांवर काम करतो. दोन आठवडे समुद्रावर, दोन आठवडे घरी. तो घरी असला की प्रश्नच नसतो. नसला की हिशेब जमत नाही. ऑफिसने डिसेंबरात विचारलंही होतं, "तोरुन, या हिवाळ्यात तुझ्या जागी दुसरं कुणी बघू का?" मी म्हटलं, नको, मला जमेल. विद्यापीठात पाच वर्षं हेच शिकले होते. आणि बाळंतपणापासून माणसं माझ्याशी बोलायची ती फक्त दाताविषयी, झोपेविषयी आणि शीच्या रंगाविषयी.

त्या शुक्रवारी आइविन समुद्रावर होता. मी तिरिलला गुंडाळलं, बाबागाडीत घातलं आणि गाडी ढकलत रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, जिथे बर्फ सारणारा ट्रॅक्टर वळतो. तिथे भूर्जाची झाडं आहेत. उंची तीनशे मीटर. बाबागाडीपासून दहा पावलांवर, तिच्यावर नजर ठेवत, मी खड्डा खणला.

थर चांगले होते. बुधवारी खाली दोन अंशांपर्यंत ऊब आली होती, वरचा बर्फ ओलसर होऊन परत गोठला होता, सगळं एकमेकांना धरून बसलं होतं. खांद्यातून ठोकलं तरी खांब तुटला नाही.

फॉर्म उघडला की मागच्या वेळची जागा त्यात आपोआप भरलेली येते. सातशे मीटर, उत्तर-पूर्व. ती बदलायची असेल तर नकाशा उघडून बोटाने खूण हलवावी लागते. मी विसरले असं लिहिलं तर सोपं होईल. मी विसरले नव्हते. मी त्या ओळीकडे बघितलं. तीनशे मीटरवर, झाडीत खणलेल्या खड्ड्याचा ऑफिसला काही उपयोग नव्हता. त्यांनी विचारलं असतं की वर का नाही गेलीस. वर तरी काय वेगळं असणार आहे, असं मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात तिरिल उठून रडायला लागली, आणि मी 'पाठवा' दाबलं.

शनिवारी सकाळी इशारा आला. पातळी दोन. आमच्या खोऱ्यापुढे लिहिलं होतं: ताज्या निरीक्षणानुसार उत्तरेकडच्या उतारांवर थर एकमेकांना घट्ट. ते शब्द माझे होते.

नऊ वाजता गुनवोर आली. आइविनची मोठी बहीण. शाळेत शिकवते, एकटी राहते, आणि शनिवारी घरात बसली तर आजारी पडते. तिच्याबरोबर अस्लाक होता, ऑगस्टपासून शाळेत गणिताला आलेला. दक्षिणेच्या सपाट भागातला. बोर्गहिल्ड आधीच माझ्या स्वयंपाकघरात वाफल करत उभी होती, कारण माझ्या साच्यात ते चिकटत नाहीत असं तिचं मत आहे.

"या गुरुजी," बोर्गहिल्ड अस्लाकला म्हणाली. "तुमच्याकडे डोंगर नाहीत म्हणे."

"एक आहे," अस्लाक म्हणाला. "त्यावर कचरा टाकतात."

गुनवोर हसली आणि तपकिरी चीजचा जाड काप काढून वाफलवर ठेवला. "आज याला वाटी दाखवते," ती मला म्हणाली. गाइटनेब्बाच्या उत्तर अंगाला शिखराखाली जो मोठा खोलगट उतार आहे, त्याला आम्ही वाटी म्हणतो. सूर्य न लागलेला, मऊ बर्फ, चारशे मीटर सलग. "चढताना डोंगराच्या धारेने जाऊ, उतरताना वाटीतून. कालचं तुझं वाचलं. मस्त वाटतंय ना वर?"

मी तिरिलचं तोंड पुसत होते. पुसून झालेलं तोंड परत पुसलं.

"वारा होता मंगळवारी," मी म्हटलं.

"ते माहीत आहे. पण तू खणलंस ना त्यानंतर."

"हो, पण तरी जपून. धारेनेच उतरलात तरी—"

"ऐकलंस, अस्लाक?" गुनवोर म्हणाली. "ही आई झाल्यापासून जिना उतरतानाही जपून म्हणते. मागच्या आठवड्यात मला म्हणाली, गाजर नीट चाव."

"गाजर घशात अडकतं," मी म्हटलं.

"अडकतं, अडकतं. मी पंचेचाळीस वर्षांची आहे गं."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्यातच सांगायची वेळ निघून गेली. म्हणजे नंतरही दहा मिनिटं होती. त्यांनी बूट घातले, अस्लाकने अंगणात उभं राहून आपलं शोधयंत्र चालू करून दाखवलं, गुनवोरने तिचं चालू केलं, दोन्ही एकमेकांना ऐकू येतात का ते तपासलं, आणि फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकले. फोन चालू असला की शोधयंत्राला अडथळा होतो. बर्फाखाली गाडलं गेलेलं माणूस हुडकायची वेळ आली तर मिनिटं जातात. ते मीच गुनवोरला तीन वर्षांपूर्वी शिकवलं होतं. मी दारात तिरिलला कडेवर घेऊन उभी होते. गाडी वळणाआड गेली.

मग मी भांडी घासली. बोर्गहिल्डने घासलेलीच होती, मी परत घासली. खिडकीबाहेरच्या थर्मामीटरवर उणे चार. वर डोंगराच्या धारेवरून पांढरा पदर उडत होता, म्हणजे वारा अजून बर्फ उचलून उत्तरेला नेऊन टाकत होता. मी फोनवर डोंगरावरच्या हवामानकेंद्राचा आलेख काढला. कालही काढू शकले असते. आठवडाभर वर उणे अकरा, उणे बारा, उणे नऊ. बुधवारी खाली दोन अंशांची ऊब आली तेव्हा वर उणे आठ होतं.

म्हणजे वर काहीच ओलं झालं नव्हतं, काहीच चिकटलं नव्हतं. त्याआधीच्या तीन आठवड्यांच्या कडक थंडीत बर्फाचा वरचा थर साखरेसारखा सुटा झाला होता, हे मी स्वतः मागच्या महिन्यात लिहिलेलं. त्या साखरेवर मंगळवारच्या वाऱ्याने पन्नास-साठ सेंटिमीटरची लादी थापून ठेवली असणार. खाली रस्त्याकडे हे सगळं एकजीव झालं होतं. वर नाही.

मी गुनवोरला फोन लावला. बंद. अस्लाकला लावला. बंद. परत गुनवोरला लावला, जणू मधल्या अर्ध्या मिनिटात तिने चालू केला असेल.

"काय झालंय तुला?" बोर्गहिल्ड म्हणाली. ती टेबलाशी शब्दकोडं सोडवत होती. "सारखी खिडकी ते चूल, चूल ते खिडकी. फरशी झिजेल."

"काही नाही."

"आइविनचा फोन आला नाही का?"

"आला सकाळी."

तिरिल खाली चटईवर लाकडी चमचा चावत होती. मी बचावपथकाला फोन करायचा विचार केला. काय सांगणार? दोन निरोगी माणसं धारेने वर चढतायत, कुणाला काही झालेलं नाही? घड्याळात पावणेअकरा. ते साडेबाराला वर पोचतील. वर पोचल्यावर डबा, संत्रं, फोटो, अर्धा तास. मग वाटी.

"बोर्गहिल्ड," मी म्हटलं. "काल मी वर गेले नव्हते."

तिने पेन्सिल खाली ठेवली नाही. "कुठे वर?"

"सातशेला. खड्डा मी रस्त्याच्या टोकाला खणला. तिरिल बरोबर होती. आणि फॉर्मवर जागा वरचीच राहू दिली."

आता तिने पेन्सिल ठेवली.

"गुनवोरला माहीत आहे?"

"नाही."

"आत्ता इथे बसली होती ती!"

"हो."

बोर्गहिल्डचा चेहरा असा झाला की मला वाटलं, ही आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, वाकली, गुडघे कुरकुरले, आणि तिरिलला उचलून घेतलं. "स्की कुठे आहेत तुझ्या?"

"ओसरीत."

"मग उभी काय आहेस?"

मी तिरिलच्या झोपेविषयी, दुधाविषयी, टोपीच्या नाडीविषयी सांगायला तोंड उघडलं. बोर्गहिल्ड म्हणाली, "तोरुन. जा." मी गेले.

गाडी रस्त्याच्या टोकाला लावली, गुनवोरच्या गाडीशेजारी. माझा कालचा खड्डा झाडीत तसाच होता, नीट कापलेला, सरळ भिंतींचा. मी त्याच्याकडे न बघता स्कीच्या तळाला चढायच्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टीवरचे केस मागे झुकलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. गुनवोर आणि अस्लाकची वाट समोरच दिसत होती, दोन समांतर खोबणी, झाडीतून धारेकडे गेलेल्या. मी त्यात स्की घातल्या आणि चालायला लागले.

बाळंतपणानंतर मी इतक्या वेगाने चढले नव्हते. पाचशे मीटरला घशात रक्ताची चव आली. साडेअकरा ही तिरिलच्या दुधाची वेळ. छाती दगडासारखी झाली होती आणि पिशवीचा पट्टा नेमका तिथेच रुतत होता. मी मोजत होते. शंभर पावलं, मग श्वास. शंभर पावलं. मध्येच वाटायचं, काही होणार नाही, दर शनिवारी लोक उतरतात, मी वर जाऊन हसं करून घेणार. मग पुढच्या पन्नास पावलांत गुनवोर बर्फाखाली दिसायची.

सातशे मीटरला, जिथे मी काल असायला हवं होतं, तिथे वाट माझ्या नेहमीच्या जागेपासून वीस पावलांवरून जाते. जागा सुरक्षित आहे, जेमतेम उताराची, म्हणूनच निवडलेली. मी वाट सोडून तिकडे चार पावलं टाकली.

पायाखालून आवाज आला. व्हुम्म. मोठं दार दूरच्या खोलीत आपटावं तसा. सगळा बर्फ बोटभर खाली बसला आणि माझ्या स्कीच्या टोकापासून एक भेग सरळ वीस मीटर धावत गेली. मी तशीच उभी राहिले, श्वास धरून. इथे उतार नव्हता म्हणून काही सुटलं नाही. वाटीत उतार होता.

वर बघितलं. शिखरापाशी दोन ठिपके, एक लाल, एक निळा. मी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. लाल ठिपक्यानेही हात वर केला आणि जोरजोरात हलवला. गुनवोरला वाटलं असणार, तोरुन आलीय, घरातून सुटली एकदाची, छान झालं.

शिट्टी पिशवीच्या पट्ट्याला होती. ती मी दातात धरली. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मदत हवी अशी ती खूण. गुनवोरला ती झोपेतही कळेल. पहिला श्वास छातीत भरला आणि थांबले. मदत हवी म्हटल्यावर ती काय करेल? माझ्याकडे येईल. शक्य तेवढ्या लवकर येईल. तिच्यापासून माझ्यापर्यंत सर्वांत जवळचा रस्ता वाटीतून होता.

मी शिट्टी तोंडातून काढली. हात हलवायचेही बंद केले. मागे वळून चार पावलं टाकत वाटेवर आले आणि धारेने वर चढायला लागले, त्यांना दिसेल अशी, अगदी शांतपणे चढतेय असं दाखवत. आतून पळत होते. ती माझी वाट बघेल का? कदाचित बघेल. कदाचित म्हणेल, आपण उतरून खाली तिला गाठू, मग तिघं परत चढू. गुनवोर अशी आहे, दुसऱ्यांदा चढायला तिला काही वाटत नाही.

आठशे. साडेआठशे. धारेवर वाऱ्याने बर्फ खरवडून नेला होता, दगड उघडे, स्की कर्रकर्र वाजत होत्या. नऊशेच्या वर मला निळं जाकीट उभं राहिलेलं दिसलं. अस्लाक स्कीच्या पट्ट्या सोलून काढत होता. म्हणजे उतरायची तयारी. लाल जाकीटही उभं होतं.

"गुनवोर!" मी ओरडले. वारा तोंडावर होता, आवाज मागे गेला.

शेवटचे पन्नास मीटर कसे गेले ते सांगता येणार नाही. मी जवळ पोचले तेव्हा अस्लाकच्या स्कीची टोकं वाटीच्या काठावर होती आणि गुनवोर त्याला हात दाखवत होती: पहिलं वळण डावीकडे, मग मी म्हणेपर्यंत थांबायचं.

"थांबा!"

गुनवोर वळली. माझा चेहरा बघितला आणि तिचा उतरला. "काय झालं? तिरिल?"

"तिरिल ठीक आहे. काठावरून मागे या. दोघंही. मागे या आधी."

अस्लाक आडव्या पावलांनी मागे आला. मी वाकून गुडघ्यांवर हात टेकले. बोलायला श्वास नव्हता आणि थांबायची हिंमत नव्हती.

"मी काल इथे खणलं नाही. खाली खणलं. रस्त्याच्या टोकाला, तीनशेला. तिरिलला घेऊन गेले होते. जागा बदलली नाही फॉर्मवर. मुद्दाम नाही बदलली. आत्ता सातशेला पायाखाली बसलं सगळं, भेग पडली."

 अस्लाकने हातातल्या काठ्या बर्फात रोवल्या.

"पण हे तर इतकं छान दिसतंय," तो म्हणाला, वाटीकडे बघत. खरंच दिसत होतं. एक ओरखडा नाही, दुलईसारखं.

गुनवोरने पिशवीतून फावडं काढलं, पात्याला दांडा जोडला. काठापासून मागे, धारेच्या कडेला जिथे उतार सुरू होतानाच दगडांनी अडतो, तिथे खणायला लागली. मी पुढे झाले तर म्हणाली, "तू बस." तिने खणलं, भिंत सरळ केली, खांब कापायला करवत घातली. दोन बाजू कापल्या. मागची बाजू कापत असतानाच, अजून एकही ठोका पडायच्या आधी, वरची लादी सरकली आणि तिच्या गुडघ्यांवर आली. अखंड, वहीच्या पुठ्ठ्यासारखी.

अस्लाकने खालचे दाणे हातमोज्यावर घेतले. ते बोटांमधून गळून गेले. "साखर," तो म्हणाला.

"अडीच महिने मी तुझं वाचून खाली जातेय," गुनवोर माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यातले किती खरे होते?"

"कालचा सोडून सगळे."

"नक्की?"

"एकदा जानेवारीत सहाशेवरूनच परत आले होते. पण तेव्हा सहाशे असंच लिहिलं."

"आणि सकाळी मी तुझ्यासमोर बसून वाफल खात होते."

"हो."

"गाजराचा विनोद केला मी."

"हो."

"तोंड नव्हतं तुला?" आता ती वळली. "आईसमोर लाज वाटली? अगं, मी तुला हसले असते. वर्षभर हसले असते. बाबागाडीवाली निरीक्षक. झालं असतं तेवढंच."

मला रडू आलं नाही. रडायला वेळ नव्हता, असं म्हणते. मी फोन चालू केला. धारेवर दोन रेघा सिग्नल होता. फॉर्म उघडला, त्यात परत तीच जागा आपोआप आलेली. मी नकाशा उघडून खूण इथे आणून ठेवली, नऊशे ऐंशी मीटर. करवतीने कापतानाच लादी सुटली, असं लिहिलं. सातशेला पायाखाली बर्फ बसल्याचं लिहिलं. मग खालच्या मोकळ्या चौकटीत: शुक्रवारचं निरीक्षण सातशे मीटरवरचं नाही. ते रस्त्याजवळ, तीनशे मीटरवर, झाडीत घेतलं होतं. जागा मी चुकीची ठेवली. त्यावर विसंबू नये. खाली नाव टाकायची सक्ती नाही, फॉर्मवर निरीक्षकाचा नंबर असतोच. मी नाव टाकलं.

दहा मिनिटांत फोन आला. ऑफिसात ड्यूटीवर असलेला माणूस, मी त्याला ओळखत नाही, आवाज तरुण. "पातळी तीन करतोय," तो म्हणाला. "तासाभरात दिसेल. तुम्ही सगळे सुरक्षित?"

"हो."

"बाकीचं सोमवारी बोलू." मग थांबून, "सोमवारी बोलावंच लागेल, कळतंय ना."

"कळतंय."

आम्ही धारेने उतरलो, दगडांतून, स्की खरवडत, एकेका वळणाला थांबत. गुनवोर पुढे, अस्लाक मध्ये, मी मागे. सातशेजवळ अस्लाक माझ्या भेगेकडे बघून म्हणाला, "ही तू पाडलीस?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "एवढ्याशा वजनाने?" मग त्याने वळून वर वाटीकडे बघितलं.

खाली पोचलो तर रस्त्याच्या टोकाला तीन नव्या गाड्या. उन्हाचा शनिवार, शहरातून माणसं आली होती. एक जोडपं स्कीला पट्ट्या चिकटवत होतं. दोन पोरी गाडीच्या डिकीत बसून बूट घालत होत्या. तिसऱ्या गाडीत कुणी नव्हतं, आणि तिच्यापासून ताजी वाट सुटली होती. पण ती पलीकडच्या बुटक्या टेकडीकडे गेली होती. मी ती डोळ्यांनी टेकडीच्या माथ्यापर्यंत नेली, तेव्हा कुठे खात्री पटली.

"घरी जा," गुनवोर म्हणाली. "तुझा सदरा ओला झालाय."

झाला होता. दूध लोकरीतून बाहेर आलं होतं. मी बोर्गहिल्डला फोन केला. मागे तिरिल काहीतरी आपटत होती. "आलात तिघं?" बोर्गहिल्डने विचारलं. मी हो म्हटलं. ती खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "हिने बटाटा खाल्ला. सगळा."

"मला थोडा वेळ लागेल."

"लागू दे."

इशारा अजून दोनच दाखवत होता. मी त्या जोडप्यापाशी गेले. कुठे चाललात, विचारलं. वाटी, ते म्हणाले. मी सांगितलं, जाऊ नका. माणूस साठीचा होता, चेहरा उन्हाने रापलेला, माझ्यापेक्षा जास्त हिवाळे बघितलेला. त्याने फोन काढून दाखवला. "दोन आहे. इथल्या निरीक्षकाने कालच वर खणलंय."

"तो निरीक्षक मी आहे. मी वर खणलं नव्हतं."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे, मग माझ्या ओल्या सदऱ्याकडे. बायकोने पट्ट्या सोलायला सुरुवात केली. तो तसाच उभा. "मग तिथे असं लिहिलंय का?"

"मी तसं लिहिलं म्हणून."

हे मी त्या पोरींनाही सांगितलं. त्यांतली एक म्हणाली, "छी!" आणि दुसरीने तिला कोपर मारलं. अस्लाक आणि गुनवोर गाडीत बसून राहिले होते, इंजिन चालू, निघत नव्हते. मग चौथी गाडी आली, मग पाचवी. दर वेळी पहिलं वाक्य आधीच्याइतकंच जड जायचं. मला वाटलं होतं, सवय होईल.

पाचव्या गाडीतून एक बाप आणि त्याची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उतरली. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रागावला नाही. मग पलीकडच्या टेकडीकडे बोट केलं. "मग त्या बाजूला गेलो तर? तिथे ठीक आहे?"

तिथे उतार कमी आहे, ऊन लागतं, वाऱ्याची बाजू नाही. तिथे बहुतेक काहीच होणार नाही. मी तेच सांगायला निघाले होते. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"उतार कमी आहे," मी म्हटलं. "मी असते तर तिकडेच गेले असते."

"पण तिथे खणून बघितलंय?"

"नाही," मी म्हटलं. "तिथे नाही बघितलं."

त्याने मान हलवली, डिकी उघडली, आणि फावडं मुलीच्या हातात दिलं.